पाटी नसलेल्या खाणावळी

लाँग वीकेंड जवळ आला की आमच्या टीममधे रोड ट्रिपची चर्चा सुरू होते आणि ती चर्चा पाच मिनिटांत खाण्यावर येते. कोल्हापुरात तांबडा-पांढरा कुठे, सावंतवाडीच्या बाजूला मासे कुठे, कर्नाटकात शिरल्यावर पहिली इडली कुठे, गोव्यात शॅक सोडून साधी शीत-कडी कुठे मिळेल... गाडी कुणाची आणि पेट्रोलचे पैसे कोण देणार हे फालतू प्रश्न नंतर येतात. :)

माझं म्हणणं असं की त्यासाठी एवढं फिरायलाच हवं असं नाही. गिरगावातून निघा, चिंचपोकळीवरून लालबाग-परळ करा आणि दादरला येऊन थांबा. फार तर नऊ-दहा किलोमीटर. तेवढ्यात गोव्याची कढी, मालवणी वडे-सागोती, घाटावरची भाकरी आणि झणझणीत रस्सा, दादरच्या पुढे दोन पावलं माटुंग्यात गेलात तर केळीच्या पानावर रसम्, आणि सुरुवातीलाच धोबीतलावला थांबलात तर इराण्याचा ब्रून-मस्का. हजार किलोमीटरची ट्रिप, टोल न भरता.

पण हे सगळं इथे आलं कसं? सोपं उत्तर सगळ्यांनाच माहीत आहे. मुंबईत देशभरातून माणसं आली, येताना आपापलं जेवण घेऊन आली. संपलं.

मलाही हे उत्तर बरीच वर्षं पुरेसं वाटत होतं. नंतर त्यात एक बग दिसला. मुंबईत जी माणसं आली, त्यांत पुरुष फार होते. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे जेमतेम सव्वापाचशे बायका होत्या. म्हणजे दोन पुरुषांमागे साधारण एक बाई. आणि त्या काळच्या सातारा किंवा रत्नागिरी जिल्ह्यातल्या तरण्या पोराला स्वयंपाक येत असेल अशी कल्पना करणं जरा धाडसाचंच आहे. ज्यांना जेवण करता येत होतं त्या गावाला राहिल्या आणि ज्यांना फक्त जेवता येत होतं ते मुंबईला आले. अण्णाभाऊ साठ्यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही लावणी आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. तिच्या नावातच मुंबईची अर्धी जनगणना आहे.

मग मुंबईत ते जेवण रांधलं कुणी?

जरा मागे जाऊ. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मधे मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली, आणि १८५६ मधे ताडदेवला ती गिरणी चालू झाली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत भायखळ्यापासून दादर-वरळीपर्यंत धुराड्यांचं रान उभं राहिलं. हेच गिरणगाव. कामगार आले ते मुख्यत्वे दोन बाजूंनी. एक कोकणातून, बोटीने. दुसरे सातारा-कोल्हापूर-पुणे या घाटावरच्या भागातून. एकाला दोन वेळा भात हवा आणि त्यावर माशाचं कालवण, नाहीतर निदान कुळथाची पिठी. दुसऱ्याला भाकरी हवी, भाताने त्याचं पोट भरत नाही. एकाच्या वाटणात ओला नारळ, दुसऱ्याच्या रश्श्यात सुकं खोबरं आणि कांदा-लसूण. दोघंही एकाच खात्यात शेजारी शेजारी साचे चालवायचे, पण एका ताटावर त्यांचं जमणं कठीण.

राहायची सोय म्हणजे गावकीची खोली. एका गावातल्या लोकांनी मिळून चाळीत एक खोली भाड्याने घ्यायची. दहा बाय बाराच्या त्या खोलीत दहा-पंधरा, कधी त्याहून जास्त माणसं. भिंतीला ट्रंका, दोरीवर कपडे, झोपायला पाळीप्रमाणे जागा. पहिली पाळी सकाळी सातची, दुसरी दुपारी साडेतीनची, रातपाळी बारा वाजता. भोंगा झाला की एक तुकडी उठायची आणि दुसरी येऊन त्याच जागेवर आडवी व्हायची. आमच्या ऑफिसात हॉट-डेस्किंग आलं तेव्हा एचआरने ती फार आधुनिक कल्पना म्हणून सांगितली होती, ते आठवलं. असो.

अशा खोलीत चूल मांडणं शक्यच नव्हतं. जेवायला माणसं खाणावळीत जायची. आता 'खाणावळ' म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे टेबल, खुर्ची, भिंतीवर दरपत्रक आणि गल्ल्यावर बसलेला मालक येत असेल तर ते चित्र पुसून टाका. गिरणगावातली खाणावळ म्हणजे त्याच चाळीतली दुसरी एक खोली. त्यात एक कुटुंब राहायचं आणि त्या घरातली बाई पंधरा-वीस जणांचा स्वयंपाक करायची. कुणी विधवा, कुणाचा नवरा आजारी किंवा काम सुटलेला, कुणाचा नवरा कामावर असूनही पगार पुरत नाही म्हणून. जमिनीवर ताटं मांडायची, चार-पाच जण जेवून उठले की पुढचे बसायचे. रातपाळीवाल्याचा डबा भरून द्यायचा. पहिल्या पाळीसाठी पहाटे चारला चूल (पुढे रॉकेलचा स्टोव्ह) पेटायची आणि दुसऱ्या पाळीचे लोक मध्यरात्रीनंतर जेवायला यायचे. म्हणजे तिची पाळी कुठली? तिन्ही.

खाणावळीत जेवणाऱ्याला मेंबर म्हणत. मेंबर बहुतेक तिच्याच मुलखातले, बरेचदा तिच्याच गावचे किंवा पंचक्रोशीतले. वेंगुर्ल्याकडच्या बाईकडे वेंगुर्ल्याकडचे, कराड-पाटणकडच्या बाईकडे तिकडचे. माझ्या मते प्रादेशिक चव मुंबईत जिवंत राहिली ती इथे. हॉटेलवाल्याला दहा प्रकारची गिऱ्हाइकं सांभाळायची असतात, म्हणून तो चव मधल्या कुठल्यातरी बिंदूवर आणून ठेवतो. या बाईला तसं करायची गरज नव्हती. तिचे पंधराच्या पंधरा मेंबर एकाच चवीवर वाढलेले. कालवणात तिरफळ कमी पडलं तर लगेच बोलणारे. इतकी कडक टेस्टिंग टीम कुठल्याच हॉटेलाला मिळत नाही.

लालबागच्या मसाला गल्लीत आजही हे दिसतं. एकाच दुकानात मालवणी मसाल्याची मिरची वेगळी, घाटावरच्या कांदा-लसूण मसाल्याची वेगळी. बाया घरचं प्रमाण कागदावर लिहून आणतात, समोर मिरच्या-धणे निवडून, भाजून, कांडप मशीनवर कुटून घेतात. उन्हाळ्यात त्या गल्लीतून शिंकल्याशिवाय बाहेर पडून दाखवा.

मात्र मला सगळ्यांत जास्त रस वाटला तो खाणावळीच्या हिशेबात. सगळा मामला महिन्याचा. मेंबर महिनाभर जेवणार आणि पगार झाला की पैसे देणार. आजच्या भाषेत पोस्टपेड. गावाला गेला, आजारी पडला, कुणाकडे पाहुणा म्हणून जेवला तर तो 'खाडा', आणि खाड्याचे पैसे वजा. बाईला लिहिता येत नसेल तर पोराच्या वहीत किंवा भिंतीवर खडूने खुणा. पण आता विचार करा. मेंबर पैसे देणार पुढच्या महिन्यात, आणि तांदूळ, रॉकेल, मासे तर आज लागणार. मग ती बाई वाण्याकडून उधार आणणार. वाणी उधारीचा माल चढ्या भावाने देणार. तिथे भागलं नाही तर सावकार. तिथेही भागलं नाही तर अंगावरचं डोरलं. पगाराच्या दिवशी गिरण्यांच्या गेटवर व्याजाची वसुली करणारे पठाण उभे असत, हे गिरणगावच्या जुन्या माणसांकडून सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. म्हणजे कामगाराचा पगार हातात पडायच्या आधी त्याला वाटेकरी बरेच होते आणि खाणावळवाल्या बाईचा नंबर त्यात अगदी पहिला असेलच असं नाही.

थोडक्यात काय, तर गिरणीचं खेळतं भांडवल त्या बाईच्या मंगळसूत्रावर चालत होतं. गिरणी महिनाभर काम करून घेऊन नंतर पगार देणार, आणि तो महिनाभर कामगाराला उभं ठेवण्याचा खर्च चाळीतली एक बाई स्वतःच्या जबाबदारीवर उचलणार. कुठल्याही गिरणीच्या ताळेबंदात ही ओळ सापडायची नाही.

हे सगळं वाचून फार गोड चित्र उभं राहत असेल तर थोडं थांबा. गावची माणसं गावच्या बाईकडे, याचा दुसरा अर्थ जात आपापल्या जातीकडे असाही होता. गिरणीतसुद्धा तेच. साचेखात्यात पगार चांगला, पण तिथे दलित कामगारांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि तो धोटा दुसऱ्याच्याही तोंडाला लागणार. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न १९२८ च्या संपाच्या काळात उघडपणे लावून धरला होता. जिथे धागा विटाळत होता तिथे भाकरीचं काय सांगावं. तेव्हा मुंबईची 'मेल्टिंग पॉट' वगैरे जी वर्णनं आपण वाचतो, ती जरा जपूनच घ्यावीत. प्रत्येक चव वेगळी टिकली, त्यात प्रेमाइतकाच सोवळ्याचाही हात होता.

आता गिरगाव. तिथलं प्रकरण थोडं निराळं. गिरगावच्या वाड्यांत राहणारा एकटा माणूस गिरणीतला कमी आणि फोर्टातल्या ऑफिसातला कारकून, शाळामास्तर किंवा शिकायला आलेला विद्यार्थी जास्त. त्याची खाणावळ म्हणजे 'बोर्डिंग' किंवा 'विश्रांतिगृह'. लोकमान्य टिळकांचं निधन १ ऑगस्ट १९२० रोजी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात झालं, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. ते सरदारगृह म्हणजे कुणा सरदाराचा वाडा नव्हे. ते राहण्या-जेवण्याची सोय असलेलं बोर्डिंग-लॉजिंग होतं. पुण्याहून मुंबईला आलेल्या माणसाची अशीच ठिकाणं ठरलेली असायची.

या भागातल्या जुन्या हॉटेलांची नावं एकदा ओळीने वाचून बघा. आरोग्य भुवन, दुग्ध मंदिर, हेल्थ होम, स्वच्छ उपहारगृह, शाकाहारी उपाहार केंद्र. हॉटेल आहे की दवाखाना! फणसवाडीतलं विनय हेल्थ होम १९४० चं. तिथे लोक आरोग्यासाठी जात नाहीत, मिसळीसाठी जातात. पण ही नावं उगाच पडलेली नाहीत. बाहेर खाणं म्हणजे पोट बिघडणं आणि धर्म बुडणं अशी ज्या वर्गाची समजूत होती, त्याला आत आणायचं तर पाटीवर आधी आरोग्य आणि स्वच्छतेची हमी द्यावी लागत होती. दादर स्टेशनजवळचं मामा काण्यांचं दुकान १९१० पासूनचं, त्याच्याही नावात 'स्वच्छ' आहेच. खोताच्या वाडीतल्या 'अनंताश्रम'चं नाव तर आश्रम, आणि आत सुरमई. (गोव्याच्या पद्धतीच्या माशांसाठी आणि वाढप्यांच्या फटकळ बोलण्यासाठी सारखंच प्रसिद्ध. आता बंद आहे.)

इराण्यांनी आणि उडुप्यांनी याच काळात आपापल्या जागा धरल्या. धोबीतलावचं कयानी १९०४ चं. इराण्याकडे बसायला महिन्याचा मेंबर असावं लागत नाही, गाव विचारत नाहीत, एक चहा घेऊन तासभर पेपर वाचता येतो. एकट्या पुरुषांच्या शहराला अशी जागा हवीच होती. माटुंगा स्टेशनसमोरचं रामा नायकांचं 'उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग' १९४२ चं. तिथेही 'बोर्डिंग' हा शब्द बघा. दक्षिणेतून नोकरीला आलेल्या एकट्या माणसांना रोजचं घरचं जेवण, हीच मूळ कल्पना. म्हणजे लालबागची बाई आणि माटुंग्याचे नायक एकच प्रॉब्लेम सोडवत होते. फरक एवढाच की नायकांच्या दारावर पाटी होती.

हा फरक वाटतो तेवढा लहान नाही. पाटी असली की लायसन्स असतं, स्थापनेचं साल असतं, नातू मुलाखत देतो, पेपरात फोटो येतो. गिरणगावातल्या त्या बायांच्या दारावर पाटी कधी नव्हतीच. मेंबरांसाठी त्या 'मावशी', 'काकी', 'वहिनी'. सरकारी कागदावर त्या गृहिणी. 'घरच्यांबरोबर आणखी वीस जणांचा स्वयंपाक करते' असा रकाना कुठल्या फॉर्मात असतो?

तरी एक गोष्ट मालकांच्याही लक्षात आली असेल. १९२८ चा गिरणी संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, सहा महिने चालला. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर. सहा महिने पगार नाही, मग लोक जगले कसे? काही गावाला गेले. युनियनने धान्य वाटलं. आणि बाकीच्यांना वाणी आणि खाणावळींच्या उधारीने तारलं. संप लांबवायची ताकद पुढाऱ्यांच्या भाषणात असते असं आपण समजतो. पण भाषण ऐकून माणूस परत जेवायलाच जातो. तिथे ताट वाढलं गेलं तर संप दुसऱ्या दिवशी चालू.

या बायांचा पहिला ठळक उल्लेख सार्वजनिक कागदावर उमटला तो १९७५ मधे. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या आणि पुढे गिरणगावात कामगार चळवळीत काम केलेल्या प्रेमा पुरव यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' काढलं. १९६९ मधे बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं होतं आणि गरिबांना कर्ज द्या असं धोरणही कागदावर होतं. पण बँकेला तारण लागतं. या बायांकडे तारण म्हणजे दोन स्टोव्ह आणि वीस ताटं. पुरवबाईंनी बायांचे गट केले आणि गटातल्या बाया एकमेकींना जामीन राहिल्या. सुरुवातीला चौदा जणी होत्या, पुढे हजारो झाल्या. सावकाराच्या जागी बँक आली. बांगलादेशात महंमद युनूस यांनी गरिबांना विनातारण छोटी कर्जं द्यायचा प्रयोग सुरू केला १९७६ मधे. २००६ मधे त्यांना आणि त्यांच्या ग्रामीण बँकेला त्यासाठी नोबेल मिळालं. लालबाग-परळच्या बाया त्याच रस्त्याने त्यांच्या एक वर्ष आधी निघाल्या होत्या. प्रेमा पुरव यांना पुढे पद्मश्री मिळाली, २०१८ मधे त्या गेल्या. माझ्या वयाच्या किती जणांना हे नाव माहीत आहे? मलाही कॉलेज संपेपर्यंत नव्हतं.

अन्नपूर्णेला जेमतेम सात वर्षं होतात न होतात तोच १८ जानेवारी १९८२ आला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही. तो नुसता विरत गेला.

माझे आजोबा त्या अडीच लाखांतले एक. देवगडकडचे. १९५४ मधे बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि परळच्या एका गिरणीत लागले. आजी शेवटपर्यंत गावालाच. आजोबा वर्षातून दोनदा घरी जायचे, गणपतीला आणि शिमग्याला. बाकी अठ्ठावीस वर्षं ते लालबागला एका मावशींकडे जेवले. म्हणजे आजीच्या हातचं ते आयुष्यात जेवढं जेवले असतील, त्याच्या कितीतरी पट या मावशींच्या हातचं. मावशींचं आडनाव काय ते घरात कुणालाच सांगता येत नाही.

संप सुरू झाला तेव्हा त्यांचे मेंबर सतरा. पहिले दोन-तीन महिने सगळे म्हणायचे, आता मिटेल. मावशींनी ताटं वाढणं चालू ठेवलं. मग आधी मासे बंद झाले, मग दोन वेळची एक वेळ झाली, मग नुसती पेज आणि सुकटीची चटणी. पण बंद नाही. आजोबा ऑगस्टअखेर कंटाळून गावी निघाले, तेव्हा त्यांच्या नावावर जवळजवळ सात महिन्यांचं जेवण होतं. निघताना त्यांनी 'पाठवतो' म्हणून सांगितलं. पाठवणार कुठून? गिरणीने त्यांना परत घेतलं नाही, आणि हिशेबाचे पैसे मिळायला त्यापुढे कित्येक वर्षं गेली.

बाबा १९८६ मधे मुंबईत नोकरीला लागले. वर्षभर साठवून ते पैसे घेऊन लालबागला गेले. खोली तीच, पण खाणावळ बंद झालेली. मावशी तेव्हा दादरला कुणाकडे पोळ्या लाटायला जात होत्या. त्यांनी ट्रंकेतून वही काढली. एका मेंबरला एक पान, पानावर तीस-एकतीस चौकोन, दोन वेळच्या दोन टिका. (हो, अगदी व्हॉट्सअ‍ॅपसारख्या.) मोजून झाल्यावर त्यांनी बाबांना काही नोटा परत दिल्या. "तुझ्या बापाशीन शेवटच्या म्हयन्यात नव दिवस खाडो केल्लो. त्येचे पैसे माका नको." बाबा सांगतात, त्यांनी खूप आग्रह केला. पण त्या ऐकेनात. जेवल्याचे घेतले, न जेवल्याचे नाही. सतरा मेंबरांपैकी किती जण पैसे द्यायला आले, ते विचारायचं बाबांना सुचलं नाही.

ही गोष्ट लहानपणी मला मावशींच्या चांगुलपणाची गोष्ट म्हणून सांगितली जायची. आता मला ती वेगळी ऐकू येते. संपात कोण बुडालं याची यादी करताना आपण कामगार लिहितो, मालक लिहितो, युनियन लिहितो. पण गिरणगावात अशा बाया हजारोंनी होत्या. प्रत्येकीकडे महिनोन् महिन्यांची उधारी थकलेली, वाण्याचं आणि बँकेचं देणं मात्र जिथल्या तिथे. संप त्यांनी पुकारला नव्हता. त्यांना मत विचारलं नव्हतं. पण सगळ्यांत जास्त काळ तो त्यांनी चालवला, आणि नुकसानभरपाईच्या कुठल्याही चर्चेत त्यांचं नाव आलं नाही. येणार कसं? त्या कुठल्या गिरणीच्या हजेरीपटावर नव्हत्या.

त्यानंतरचं तुम्हाला माहीतच आहे. १९९१ च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांना, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांना आणि उरलेला मालकाला असं ठरलं. २००१ मधे त्यात बदल झाला. वाटणी करायची ती फक्त रिकाम्या जमिनीची, गिरणीची इमारत उभी असलेली जमीन त्यातून वगळली. २००६ मधे सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल ग्राह्य धरला. फिनिक्स मिलचा मॉल झाला, कमला मिलमधे ऑफिसं आणि रेस्टॉरंटं आली.

आणि जेवण? बंद पडलेल्या गिरण्यांतल्या कित्येकांनी वडापावच्या गाड्या टाकल्या. वडापाव स्वतः जुना, १९६६ च्या सुमाराचा. दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो सुरू केला असं बहुतेक सगळे सांगतात. पण नाक्यानाक्यावर तो दिसायला लागण्यात गिरण्या बंद पडण्याचा मोठा हात आहे. वडापावचं गणित खाणावळीच्या अगदी उलटं. उभ्याने खा, रोख पैसे द्या, चालू पडा. गाव विचारायचं कारण नाही आणि खातं ठेवायचंही नाही.

दुसऱ्या बाजूला, दादर-परळमधे पाटीवाली मालवणी हॉटेलं फोफावली. सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला १ मे १९८१ रोजी, म्हणजे संपाच्या आठ महिने आधी. त्याआधी गिरणगावातला देवगड-मालवणचा माणूस सरकारी कागदावर रत्नागिरीकरच. पुढे 'सिंधुदुर्ग', 'मालवणी', 'गोमांतक' हे शब्द पाट्यांवर दिमाखात आले, आणि ज्या जेवणाला आधी कुणी नाव दिलं नव्हतं त्याचं 'क्विझीन' झालं. दादरच्या 'आस्वाद'च्या मिसळीला २०१५ मधे लंडनच्या एका स्पर्धेत जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ म्हणून बक्षीस मिळालं. आनंदच आहे. मी स्वतः या सगळ्या ठिकाणी रांगेत उभा राहतो आणि राहणार. या हॉटेलवाल्यांनीही कष्ट केलेत, त्यांच्यावर माझा काही राग नाही.

फक्त एवढंच की मुंबईच्या खाण्याचा इतिहास लिहिताना आपण पाट्या वाचत जातो. १९०४, १९१०, १९४०, १९४२. मीही या लेखात तेच केलं, कारण सालं तिथेच सापडतात. खाणावळींना स्थापनेचं साल नसतं. पण संख्येने बघितलं तर या शहराचं रोजचं जेवण कित्येक दशकं पाटीवाल्यांपेक्षा बिनपाटीवाल्यांनी जास्त रांधलं असणार. अडीच लाख माणसांतली निम्मी जरी एकटी राहत असतील, तरी दिवसाला किती ताटं होतात ते तुम्हीच मोजा.

आमचं ऑफिस लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात आहे. दुपारी बाराला सगळ्यांचे फोन निघतात. अ‍ॅपवर 'घरगुती मालवणी थाळी' शोधली की दहा-बारा किचनं येतात. त्यातली काही खरंच कुणा बाईने घरातून चालवलेली असतात, पण तिचं नाव दिसत नाही, ब्रँडचं दिसतं. पैसे नंतर द्यायची सोयही आहे, त्याला 'पे लेटर' म्हणतात. मुदत चुकली की दंड लागतो आणि सिबिल स्कोअर पडतो. सात महिने थांबणारं अ‍ॅप अजून कुणी लिहिलेलं नाही. लिहिणारही नाही, बिझनेस मॉडेल बसत नाही. मावशींचंही बसत नव्हतंच.

तेव्हा पुढच्या रोड ट्रिपच्या आधी हे एक करून बघा. घरात आजोबा, काका, मामा कुणी असेल जो लग्नाआधी किंवा बायको गावाला असताना मुंबईत एकटा राहिला, त्याला विचारा की तू जेवायचास कुठे, महिन्याचे पैसे किती, खाडा कसा धरायचे, आणि वाढणारीचं नाव काय होतं. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं भराभर येतील. चौथ्याला बहुतेक वेळा 'मावशी' एवढंच येईल. तेव्हा तिथे थोडं थांबा, आठवायला वेळ द्या, आणि आठवलं तर ते नाव कुठेतरी लिहून ठेवा. साल नसलं तरी चालेल.